वाचकांचे प्रश्न : पथनाट्य, पोट आणि कागदपत्रं

प्रश्न : कॉलेजात एकांकिका स्पर्धा गाजवलेले आम्ही सहा मित्र ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शिक्षणावर पथनाट्य करतो. आता पूर्ण वेळ हेच करायचंय. सगळे म्हणतात, आधी संस्था काढा. काढावी का?

इतक्यात नको. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवायला किमान सात सभासद लागतात. सातवं नाव मग कुणाच्या तरी काकांचं पडतं. संस्थेतली शिल्लक आपसांत वाटता येत नाही. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. दोघं नोकरीसाठी पुण्याला गेले की अर्ज राहतात आणि पुढे प्रत्येक कामात तेच आडवे येतात.

सरळ भागीदारी करा. प्रयोगाच्या पैशांतून आधी प्रवास, जेवण आणि सामान वजा करा. उरलेल्यातले १५ टक्के गटाच्या खात्यात ठेवा. बाकीच्यात प्रत्येक नटाचा एक वाटा, शिवाय लेखक आणि दिग्दर्शकाचा एकेक जादा. कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक कामासाठीचा) निधी भागीदारीला अनुदान म्हणून मिळत नाही, हे खरं. पण असा निधी घेणारी संस्था तुम्हाला प्रयोगाचे पैसे बिलावर देऊ शकते.

संहितेचा करार मात्र आजच करा. लेखकाने हक्क देताना मुदत लिहिली नसेल, तर कायदा ती पाच वर्षं धरतो. गट फुटतात ते बहुतेक याच मुद्द्यावर, आणि तेही नाटक चालायला लागल्यावर.

प्रश्न : आमच्या प्रयोगातून लोक मध्येच उठून जातात. विषय तर त्यांचाच आहे!

वेळ कोणती धरता? मजुरांची टोळी पहाटेच उसाच्या फडात जाते. संध्याकाळी परतल्यावर चूल पेटते. जेवणं उरकल्यावरच कोप्यांपाशी, म्हणजे त्यांच्या झोपड्यांपाशी, जा आणि वीस मिनिटांत संपवा. सुरुवातीची पाच मिनिटं नुसती हलगी वाजू द्या.

स्पर्धेतली सवय इथे नडते. तिथे प्रेक्षक समोर असतो, इथे चहूबाजूंनी. बारा-पंधरा फुटांचं रिंगण धरा. महत्त्वाचं वाक्य एकाने म्हणावं आणि कोरसने उलट्या बाजूला तोंड करून तेच उचलावं. प्रकाशयोजना नाही, तेव्हा प्रवेश बदलायला हलगीचा ठेका वापरा. वाऱ्याकडे पाठ करून बोला. वाऱ्याच्या तोंडावर बोललेलं तिसऱ्या रांगेतही पोचत नाही.

दुसरं कारण मुकादम, म्हणजे टोळी जमवून आणणारा. तो तिथेच उभा असतो आणि समोरच्यांनी त्याच्याकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. त्याची टिंगल सुरू झाली की आधी हसू थांबतं, मग माणसं उठतात. तो राग तालमीत काढा. नाटकात मजुराला उद्या वापरता येईल असं काहीतरी द्या : शिक्षण हक्क कायद्यानुसार आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. हे वाक्य तीनदा आलं पाहिजे. 'शिक्षण म्हणजे प्रकाश' वगैरे गाणं काढून टाकलं तरी चालेल.

प्रश्न : परवानगी कुणाची लागते?

कारखान्याच्या आवारात कारखान्याची, रस्त्यावर पोलीस ठाण्याची. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्या आणि प्रमाणपत्राची प्रत हलगीच्या पिशवीतच ठेवा. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावू नका.