टालिनला येताय? ठसा वेगळा, सही वेगळी

टालिनमधली नोकरी तुम्ही घेतली आहे आणि विचारताय की एस्टोनियात सगळं डिजिटल सहीवर चालतं, तर भारतातलं डीएससी टोकन (डिजिटल सहीचं प्रमाणपत्र असलेला यूएसबी) आणि आधारचं ई-साइन यांवर भागेल का? नाही भागणार. ती दोन्ही आपल्या आयटी (माहिती तंत्रज्ञान) कायद्याखालची. इथे युरोपीय संघाचे नियम आहेत आणि हाताच्या सहीचा दर्जा त्यांच्या यादीतल्या संस्थांच्या सहीलाच आपोआप मिळतो. तरी टोकन फेकू नका, भारतात एखाद्या कंपनीवर संचालक असाल तर लागेल.

इथे राहण्याच्या परवान्यासाठी पोलीस आणि सीमा रक्षक खातं बोटांचे ठसे घेतं. ते कार्डाच्या चिपमध्ये जातात, पण ऑनलाइन कामात ठशाचा संबंधच येत नाही. अंगठा टेकवून ओळख पटवायची सवय लागलेल्या आपल्या लोकांना हे आधी विचित्र वाटतं. काम चालतं ते कार्ड आणि त्यासोबत लिफाफ्यातून मिळणाऱ्या पिनवर. पिन1 किमान चार आकडी, लॉगिनपुरता. पिन2 किमान पाच आकडी, आणि तो टाकलात की सही झाली, कागदावरच्याइतकीच पक्की. एखाद्या साइटने नुसत्या लॉगिनला पिन2 मागितला तर तिथेच थांबा. तीनदा चुकलात तर तो पिन बंद पडतो आणि तो उघडणारा पीयूके कोड शोधावा लागतो, म्हणून लिफाफा जपून ठेवा.

पहिली सही बहुधा भाडेकरारावर कराल. घरमालक पीडीएफ नाही, .asice फाइल (करार आणि सह्या एकत्र ठेवणारं पाकीट) पाठवेल. ती डिजिडॉक या इथल्या सहीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलीत की आत करार आणि खाली त्याचं नाव, ओळख क्रमांक, सहीची वेळ दिसते. त्याच फाइलमध्ये तुमची सही चढवायची. नवे लोक आतली पीडीएफ बाहेर काढून बँकेला पाठवतात. सह्या मागेच राहतात आणि बँकेच्या हाती पडतो बिनसहीचा करार. अख्खी फाइल पाठवा. सहीनंतर करारातला एक स्वल्पविराम जरी बदलला तरी सही अवैध दिसते.

ही कार्डाची व्यवस्था कधी फुटत नाही असं नाही. 2017 मध्ये चेक संशोधकांना चिपच्या किल्ल्या (सहीमागचे गुप्त आकडे) बनवण्यात दोष सापडला आणि एस्टोनियाने सुमारे साडेसात लाख कार्डांची प्रमाणपत्रं थांबवली. पण लोकांनी घरबसल्या नव्या किल्ल्या घेतल्या. ठसे चोरीला गेले असते तर नवी बोटं कुठून आणणार होते?

म्हणूनच निघण्याआधी आधारचं बायोमेट्रिक लॉक करा. भारतात आधारक्रमांक आणि ठसा एवढ्यावर बँकेतून पैसे निघतात, ओटीपी लागत नाही, आणि नकली ठशांनी खाती साफ केल्याचे प्रकार झाले आहेत. तुम्ही इथे असताना तुमचा अंगठा तिथे चालायचं कारणच काय?

आधारला जोडलेलं सिम मात्र रोमिंगवर जिवंत ठेवा. आयटीआर (प्राप्तिकर विवरणपत्र) भरल्यावर 30 दिवसांत पडताळणी करायची असते आणि ओटीपी त्याच नंबरवर येतो. घराच्या व्यवहारासाठी भावाला किंवा आईला मुखत्यारपत्र द्यायचं असेल तर तेही निघण्याआधी, कागदावर आणि शाईच्या सहीने. असं मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र आपल्या आयटी कायद्याने डिजिटल सहीतून वगळलेली आहेत. इथून करायला गेलात तर भारतीय वकिलातीच्या फेऱ्या होतील.