आयआरएसचा कर थकला असेल तर सिक्युरिटी क्लिअरन्स मिळतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही व्हर्जिनियात राहता, आता अमेरिकेचे नागरिक आहात, आयआरएसचे (अमेरिकेच्या केंद्रीय कर खात्याचे) सुमारे २२ हजार डॉलर थकलेत आणि संरक्षण खात्याच्या एका कंत्राटदार कंपनीत सीक्रेट क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय सरकारी माहिती हाताळायची परवानगी, लागणारी नोकरी चालून आली आहे. ही थकबाकी आडवी येईल का, आणि फॉर्मवर नाही लिहिली तर कळेल का?

आधी दुसरं घेतो. कळेल असंच धरून चाला. एसएफ-८६, म्हणजे क्लिअरन्ससाठी भरायचा फॉर्म, त्याच्या २६व्या भागात सरळ विचारलेलं असतं, की गेल्या सात वर्षांत रिटर्न भरायचं किंवा कर द्यायचा राहिला होता का. तिथे जाणूनबुजून 'नाही' लिहिणं हा फेडरल गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा. शिवाय मग प्रश्न पैशांचा उरतच नाही, थेट तुमच्या खरेपणावर येतो. तेव्हा 'हो' लिहा आणि खाली कारण द्या.

आता थकबाकी. मी इथे लोकांची रिटर्न्स भरून देतो, वकील नाही. पण क्लिअरन्सच्या सुनावण्यांचे निकाल नावं वगळून सार्वजनिक होतात, ते वाचत असतो. जून २०१७ पासून लागू असलेल्या निकषांत गाइडलाइन एफ म्हणजे आर्थिक बाबी. त्यात 'इतक्या डॉलरवर गेलात की बाद' अशी रेषा नाही. बघतात ते हे, की माणूस सरकारी नियम पाळतो का. म्हणून रिटर्नच न भरणं हे कर थकण्यापेक्षा जास्त अंगाशी येतं. (दंडाचंही तसंच: उशिरा रिटर्नला महिन्याला पाच टक्के, उशिरा भरलेल्या कराला अर्धा टक्का.) मोठी रक्कम थकलेला पण आयआरएसशी हप्ते ठरवून ते नेमाने भरणारा माणूस सुटतो, थकबाकी किरकोळ, पण चार वर्षांची रिटर्न्स कपाटात, तो अडकतो.

हप्ते कधी सुरू केलेत हेही बघतात. क्लिअरन्स का देऊ नये याची कारणं लिहिलेलं पत्र आल्यावर धावत जाऊन सगळं भरलं, तर ते नोकरीसाठी केलं असं मानलं जाण्याचा धोका असतो. नोकरी गेली, आजारपण आलं, घटस्फोट झाला, ही कारणं ऐकून घेतात, पण त्या काळात तुम्ही काय हालचाल केलीत तेही विचारतात. आणि इथे संशयाचा फायदा अर्जदाराला नाही, सरकारला मिळतो.

त्यामुळे वाट बघू नका. राहिलेली रिटर्न्स असतील तर ती आधी, कारण त्यांच्याशिवाय आयआरएस हप्ते मंजूर करत नाही. दंड-व्याज धरून देणं ५० हजारांच्या आत असेल तर वेबसाइटवरच अर्ज होतो. मंजुरीचं पत्र, भरलेल्या हप्त्यांच्या नोंदी आणि आयआरएसची ट्रान्सक्रिप्ट्स (त्यांच्याकडच्या तुमच्या कराच्या नोंदींचे उतारे) एका फायलीत ठेवा. राज्याचा करही थकला असेल तर त्याची व्यवस्था वेगळी करावी लागते, हे बरेच जण विसरतात.

आपल्या लोकांचा एक खास घोळ म्हणजे भारतातली एनआरई एफडी, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या खात्यातली मुदत ठेव. तिचं व्याज भारतात करमुक्त, म्हणून इथेही दाखवायचं नाही असा समज घट्ट बसलेला असतो. अमेरिकेत ते करपात्र आहे. भारतातली आणि इतर परदेशी खाती मिळून वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा वेगळा फॉर्म, तोही भरावा लागतो. एसएफ-८६ परदेशातल्या मालमत्तेबद्दलही विचारतो, म्हणजे तिथे एफडी लिहिणार आणि रिटर्नमध्ये ती नसणार, ही विसंगती तुम्हीच हाताने लिहून दिल्यासारखी होते. राहिलं असेल तर जाणकाराकडून आधी निस्तरून घ्या.

शेवटचं म्हणजे डब्ल्यू-४ (पगारातून किती कर कापायचा हे कंपनीला सांगणारा फॉर्म) बदलून पगारातून पुरेसा कर कापला जाईल असं बघा. येत्या एप्रिलला नवी थकबाकी उभी राहिली तर हप्त्यांचा करारच मोडतो.