बाथरूमच्या गळतीने जिप्सम बोर्डाच्या सीलिंगवर डाग पडलाय आणि मधे थोडं खाली आलंय. पुट्टी मारून रंग दिला तर चालेल का?

वरच्या बाथरूमची गळती प्लंबरने काढून दिली, खालच्या खोलीच्या सीलिंगवर तपकिरी कडांचा डाग राहिला, मधला भाग पोटासारखा खाली आलाय आणि हे काम तुम्हाला स्वतः करायचंय. प्रश्न मला असा समजला. काम घरी जमण्यासारखं नक्कीच आहे, मी अशी कामं स्वतःच करतो. पण नुसत्या पुट्टी-रंगाने भागणार नाही.

जिप्सम बोर्ड म्हणजे दोन कागदांच्या मधे जिप्समचा थर, आणि त्याची बरीचशी ताकद त्या कागदांत असते. पाणी मुरलं की कागद सुटू लागतो, आतलं जिप्सम मऊ पडतं आणि बोर्ड स्वतःच्याच वजनाने लोंबतो. वाळल्यावर तो लोंबलेल्या आकारातच कडक होतो, सरळ होत नाही. म्हणून आधी बोटाने दाबून बघा. डागाची जागा सपाट असेल, कडक लागत असेल आणि कागद घट्ट चिकटलेला असेल, तर बोर्ड ठेवता येतो. पूर्ण वाळू द्या आणि थेट खाली लिहिलेल्या प्रायमरच्या भागाकडे वळा. बोट रुतत असेल, कागदाचे पापुद्रे निघत असतील किंवा तुम्ही म्हणता तसं पोट आलं असेल, तर तेवढा तुकडा कापूनच काढायचा.

पोटात अजून पाणी असेल तर घाई करा. एक चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाणी साचलं तरी ते १० किलो भरतं. साडेबारा मिलिमीटर जाडीचा बोर्ड स्वतः चौरस मीटरला साधारण ८ ते ९ किलोचा असतो. म्हणजे दुपटीहून जास्त भार त्याच स्क्रूंवर, तेही ओल्या बोर्डातून. त्या खोलीचा एमसीबी बंद करा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही, कारण सीलिंगच्या वर वायरी असतात. खाली बादली ठेवा, स्वतः बाजूला उभे राहा आणि सगळ्यात खाली आलेल्या जागी स्क्रूड्रायव्हरने भोक पाडा. बोर्ड तसाही जाणार आहे, त्यामुळे भोकाचं वाईट वाटून घेऊ नका.

आता माझा खरा आग्रह. तुकडा कापलात की लगेच बंद करू नका. लोक इथेच चुकतात: प्लंबर ‘झालं’ म्हणाला की दुसऱ्या दिवशी नवा बोर्ड चढतो आणि पुढच्या महिन्यात त्याच जागी डाग उमटतो. पाणी सरळ खाली पडत नाही. पाइपवरून, चॅनेलवरून (बोर्ड ज्यांवर स्क्रूने बसवतात त्या धातूच्या पट्ट्या) किंवा लाकडी तुळईवरून बरंच लांब सरकतं आणि जिथे अडतं तिथे टपकतं. डागाच्या नेमकं वर गळती असेलच असं नाही. ते उघडं भोक ही तपासायची उत्तम संधी आहे, ती वाया घालवू नका.

तपासणी एकेक करून करा. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचं मीटर बघा. काटा हलत असेल तर दाबाखालची लाइन गळतेय आणि ती दिवसरात्र गळते. मीटर स्थिर असेल तर सांडपाण्याच्या बाजूकडे या. वरच्या प्रत्येक पाइपच्या सांध्याला कोरडा टिश्यू पेपर गुंडाळा. आधी फक्त बेसिन भरून सोडा, पेपर बघा. मग फ्लश, मग शॉवर. शॉवरचंही पाणी आधी थेट फरशीतल्या सांडपाण्याच्या जाळीत सोडा आणि नंतर फरशी-भिंतींवर. थेट जाळीत सोडल्यावर कोरडं आणि भिंतीवर मारल्यावर ओलं असेल, तर दोष पाइपचा नसून फरशीच्या सांध्यांचा किंवा वॉटरप्रूफिंगचा आहे. तो प्लंबरने पाइप बदलून जाणार नाही. बाथरूम नेहमीसारखं वापरत काही दिवस भोक उघडंच ठेवा. घरच्यांची कुरकुर होईल, होऊ द्या.

तेवढ्यात आतलं वाळतंही. भोकाकडे पंखा लावा. वर काचलोकर किंवा दुसरं इन्सुलेशन भिजलं असेल तर काढून टाका, ते आत ओल धरून बसतं. ओल्या कागदावर २४ ते ४८ तासांत बुरशी धरू शकते. काळे-हिरवे ठिपके असलेला बोर्ड ब्लीचने पुसण्यात अर्थ नाही, कागदाच्या आत गेलेली बुरशी तशी निघत नाही; तो भाग कापूनच टाका. लाकूड किंवा धातू मात्र साबणाच्या पाण्याने घासून कोरडा करता येतो. बुरशी एक चौरस मीटरहून जास्त पसरली असेल किंवा पाणी मैल्याचं असेल, तर हे काम जाणकाराकडे द्या.

घर जुनं असेल, १९८० च्या आधीचं, तर कापण्या-घासण्याआधी थांबा. त्या काळच्या सीलिंगच्या खडबडीत लेपात आणि सांध्यांच्या मसाल्यात अॅस्बेस्टॉस असू शकतो, जुन्या रंगात शिसं असू शकतं. नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या.

कापताना आधी लहान भोकातून टॉर्चने वर बघा: वायर, पाइप, चॅनेल कुठे आहेत. मग ओलीच्या कडेपासून वीतभर बाहेर, काटकोनात चौकोन आखा. वेडावाकडा डाग पडला म्हणून भोकही वेडंवाकडं ठेवू नका. चौकोनी तुकडा बसवणं फार सोपं जातं. कटरने कागद चिरा, मग हाताच्या करवतीने उथळ कापा. जमलं तर दोन बाजू चॅनेलच्या मध्यावर येऊ द्या. नाही तर भोकाच्या कडांच्या मागे प्लायच्या किंवा लाकडाच्या पट्ट्या सरकवून जुन्या बोर्डातून स्क्रूने आवळा. नवा तुकडा त्यांवरच बसतो. गॉगल आणि मास्क हवाच, सगळं तोंडावर पडतं.

काढलेल्या तुकड्याच्या कोरड्या कडेची जाडी मोजून तेवढाच बोर्ड आणा. दोन घरांमधलं सीलिंग असेल आणि जुना बोर्ड आगरोधक प्रकारचा असेल तर नवाही तसाच हवा. तुकडा सगळ्या बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर लहान कापा, कडा थोड्या तिरप्या तासा. ओढून-ठोकून बसवलेल्या तुकड्याच्या कडा फुटतात. स्क्रू साधारण १५ सेंटिमीटरवर, त्याचं डोकं कागदाच्या किंचित आत जावं पण कागद फाटू नये. कागद फाटला तर तो स्क्रू काही धरत नाही, शेजारी दुसरा मारा.

मग सांधे. जॉइंट कंपाउंड, म्हणजे सांधे भरायचा मसाला, दोन प्रकारचं मिळतं. पाण्यात कालवायची पावडर रासायनिक क्रियेने घट्ट होते, लवकर आणि कडक. डब्यातलं तयार कंपाउंड पाणी उडून वाळतं, मऊ राहतं आणि छान घासलं जातं. मी फट भरायला आणि पहिल्या हाताला पावडर वापरतो, वरच्या हातांना तयार कंपाउंड. कागदी टेप ओल्या कंपाउंडमध्ये दाबून मागचं जास्तीचं काढून घ्या, पण टेपखाली कोरडी जागा राहू देऊ नका, तिथेच फुगा येतो. जाळीची टेप वापरणार असाल तर तिच्यावर पहिला हात पावडरचाच द्या. जुन्या बोर्डावर कुठे तपकिरी कागद उघडा पडला असेल तर तिथे आधी सॉल्व्हंटचा (पाण्याऐवजी थिनरवर आधारित) प्रायमर मारा, नाहीतर ओल्या कंपाउंडने तोही फुगतो.

एकूण तीन हात, प्रत्येक आधीच्यापेक्षा रुंद आणि पातळ. शेवटचा सांध्याच्या दोन्ही बाजूंना वीतभर तरी पसरायला हवा. जाड थर देऊन वेळ वाचत नाही, तो वाळताना आक्रसतो आणि तडकतो. प्रत्येक हात पांढरा होईपर्यंत वाळू द्या. घासायला १५० नंबरचा पॉलिश पेपर, शेवटी २२०. टॉर्च सीलिंगला समांतर धरा. समोरून न दिसणारे उंचवटे सावलीने लगेच कळतात.

डागाचा रंग पाण्यात विरघळतो, म्हणून पाण्यावर आधारित साधा रंग कितीही हात द्या, पिवळेपणा वर येतच राहतो. शेलॅकचा (लाखेचा) किंवा सॉल्व्हंटचा डागरोधक प्रायमर मारा. खिडक्या उघड्या ठेवा, आसपास आच नको. त्यानंतर मॅट रंग, आणि तो फक्त तुकड्यावर न देता भिंतीपासून भिंतीपर्यंत सगळ्या सीलिंगला द्या. जुन्या रंगाच्या शेजारी नव्याचा चौकोन उठून दिसतो. चकाकणारा रंग सीलिंगला टाळाच, सांध्यावर राहिलेला बारीकसा उंचवटाही त्यात दिसतो.