आशियाई नाकाला उंची द्यायची तर सिलिकॉन घालावं की स्वतःची कूर्चा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पत्नी सिंगापूरच्या, चिनी वंशाच्या, तिशीतल्या. नाकाचा दांडा बसका आहे, तो थोडा वर आणायचाय. सोलमधल्या एका सर्जनने दांड्याला सिलिकॉन आणि शेंड्याला कानाची कूर्चा, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचीक ऊती, सुचवली. दुसऱ्याचं म्हणणं, बाहेरचं काहीच नको, बरगडीची कूर्चा काढू. कुणाचं ऐकायचं?

मी प्लास्टिक सर्जन आहे आणि नाकाचं काम शिकायला काही काळ सोलमध्येच होते. वहिनींना तपासल्याशिवाय ठाम सांगणं बरोबर नाही, पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून माझा कल पहिल्या सर्जनकडे आहे.

‘इम्प्लांट की स्वतःचं’ हा प्रश्न अख्ख्या नाकाला एकदम लावला की गोंधळ होतो. दांडा आणि शेंडा यांची गरज वेगळी. दांड्याच्या वरच्या भागाखाली हाड असतं, तिथे फारशी हालचाल नसते. शेंडा मात्र बोलताना, हसताना, नाक पुसताना सारखा हलतो. पूर्वी इंग्रजी एल आकाराचं सिलिकॉन सर्रास घालत. एकच तुकडा दांड्यावरून येऊन शेंड्यात वळायचा. काही जणांमध्ये वर्षानुवर्षांच्या दाबाने शेंड्याची कातडी पातळ होत जाते. आधी दिव्याखाली पांढुरका, चकचकीत ठिपका दिसतो, मग तो लाल होतो, आणि तरीही दुर्लक्ष झालं तर सिलिकॉन कातडी फोडून बाहेर येतं. म्हणून शेंड्यात इम्प्लांट नको, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. तिथे स्वतःचीच कूर्चा हवी.

दांड्यावर मात्र सरळ, पातळ, नाकाच्या मापाने कोरलेलं सिलिकॉन वाईट नाही. ते हाडावरच्या आवरणाखाली नीट बसवलं तर सहसा हलत नाही. शरीर त्याच्याभोवती पातळ पिशवी तयार करतं, त्यामुळे पुढे काढायची वेळ आलीच तर शेंगेतून दाणा निघावा तसं ते सुटं निघतं. गोर-टेक्स हे इम्प्लांटचं दुसरं कृत्रिम साहित्य. त्याला बारीक छिद्रं असतात, त्यांत ऊती शिरतात. म्हणून ते जागचं कमी हलतं, पण काढताना जास्त त्रास देतं. धोका दोन्हींत आहे. जंतुसंसर्ग कित्येक वर्षांनीही होऊ शकतो. भोवतीची पिशवी आक्रसली तर नाक आखूड होतं, शेंडा वर ओढला जातो आणि समोरून नाकपुड्या दिसायला लागतात. असं आक्रसलेलं नाक पुन्हा लांब करणं हे या शाखेतलं सगळ्यात अवघड काम आहे.

मग सगळंच स्वतःचं का नको? कारण कूर्चा पुरत नाही. नाकाच्या पडद्यातून घ्यायची तर नाकाला आधार म्हणून वरच्या आणि पुढच्या बाजूला निदान 10 मिलिमीटरची पट्टी सोडावी लागते, आणि पूर्व आशियाई नाकात पडदा मुळात लहान. कानाच्या खोलगट भागातली कूर्चा वाकडी असते. ती शेंड्याला छान, दांड्याला अपुरी. उरते बरगडी, बहुधा सहावी किंवा सातवी. तिथे कूर्चा भरपूर मिळते, पण ती फुकट मिळत नाही. छातीवर व्रण राहतो, काही दिवस खोल श्वास घेतला की दुखतं. कूर्चा काढल्यावर त्या जखमेत सलाइन भरतात, भूलतज्ज्ञ फुप्फुस फुगवतात आणि बुडबुडे येतात का ते आम्ही टक लावून बघतो. बुडबुडे आले तर फुप्फुसाच्या आवरणाला छिद्र पडलंय. शिवाय ही कूर्चा वाकते. कोरलेला तुकडा सलाइनच्या वाटीत ठेवून अर्ध्या तासाने पाहिला, तर सरळ कोरलेला कधी कधी बाक घेऊन बसलेला असतो. बरगडीच्या गाभ्यातून समतोल काप घेतला तर वाकणं कमी होतं, हे गिब्सन आणि डेव्हिस या संशोधकांनी 1958 सालीच मांडलं होतं. तरी पूर्ण थांबत नाही. कूर्चेचे बारीक तुकडे करून कानाच्या वरच्या बाजूला असलेल्या स्नायूच्या पातळ आवरणात, म्हणजे फॅशियात, गुंडाळून दांड्यावर ठेवणं हा वाकणं टाळण्याचा मार्ग आहे. मला तो आवडतो, पण त्यालाही हात बसलेला सर्जन लागतो.

स्वतःच्या ऊतीवरचा विश्वास आपल्याकडे जुना आहे. कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक पुण्याजवळ कपाळाच्या कातडीने पुन्हा घडवल्याची हकिगत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर 1794 मध्ये छापून आली होती. पण तिथे नाकच उरलं नव्हतं. वहिनींचं नाक धडधाकट आहे, फक्त थोडी उंची हवीय. एवढ्यासाठी पहिल्याच ऑपरेशनला छातीवर काप घेणं मला पटत नाही.

दुसऱ्या सर्जनचं म्हणणं मी कधी मानेन? आधी इम्प्लांट पिकून काढावं लागलं असेल, नाक आक्रसलं असेल, कातडी फार पातळ असेल, किंवा नाक आखूड असून बरंच लांब करायचं असेल तर. आणि वहिनींनाच आयुष्यभर आत बाहेरची वस्तू नको वाटत असेल तर तेही पुरेसं कारण आहे. नाक त्यांचं आहे.

पहिल्या सर्जनला विचारा: सिलिकॉन शेंड्याच्या आधी थांबणार का, आणि जाडी किती? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे जा. सोलमध्ये ऑपरेशन आणि सिंगापूरला घर, म्हणजे पुढे नाक कोण बघणार हेही आत्ताच ठरवा. ऑपरेशनची नोंद आणि इम्प्लांटच्या वेष्टनावरचं लेबल मागून घ्या, ते जपून ठेवा. पाच वर्षांनी जरी नाक लाल झालं, दुखायला लागलं, तरी घरी अँटिबायोटिक घेत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. इम्प्लांट पिकलं असेल तर ते लवकर काढलेलं बरं, कारण उशीर झाला की नाक आक्रसायला लागतं.