इंग्रजी शब्द पाठ आहेत, पण वेळेवर तोंडात येत नाहीत

प्रश्न : चौथीपर्यंत मराठी शाळा आणि पाचवीपासून एकदम सगळं इंग्रजी, आमच्याकडे बऱ्याच जणांचं होतं तसंच माझं झालं. आता कळंगुटला एका हॉटेलात रिसेप्शनवर आहे. व्होकॅबुलरी वाढावी म्हणून रोज दहा शब्द वहीत लिहिते, पुढे मराठी अर्थ आणि पुस्तकातलं एक वाक्य. रात्री वाचलं की सगळं येतं, पण गेस्ट समोर उभा राहिला की काहीच सुचत नाही. माझी मेमरीच कमी आहे का? – एक वाचक, डिचोली

उत्तर : मेमरीला काही झालेलं नाही हो ताई. वही वाचताना शब्द आणि अर्थ दोन्ही डोळ्यासमोर असतात, म्हणून येतंय असं वाटतं, पण बघून ओळखणं वेगळं आणि मनातून काढणं वेगळं, आणि काउंटरवर तुम्हाला लागतं ते दुसरं. तेव्हा इंग्रजी बाजू हाताने झाका, मराठी बघून इंग्रजी बोला, चुकलं तरच हात काढा. म्हापशाच्या बसमध्ये सीट मिळाली तर तेवढ्यात होतं.

दुसरं, दहा शब्द फार झाले, चार-पाच घ्या आणि जुन्यांकडे परत परत या. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग छापले, त्यात दिसलं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं आणि मग तो वेग मंदावतो. त्यामुळे पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, असं अंतर वाढवत न्यायचं. सेबास्टियन लाइटनर यांची पेटीची पद्धत याच्यावरच चालते : शब्दाची कार्डं करायची, आलं ते पुढच्या खणात आणि तो खण उशिरा उघडायचा, चुकलं ते परत पहिल्या खणात. मिठाईचा रिकामा बॉक्स पुरतो.

आता खरा घोळ तुमच्या वाक्यांचा आहे. पुस्तकातलं वाक्य दुसऱ्याचं असतं, ते तुमच्या कामाला कशाला येईल? अर्थ पुस्तकातून घ्या पण वाक्य आपल्या काउंटरवरचं करा. उदाहरणार्थ, मराठीत आपण दोन्हीकडे ‘पर्यंत’ म्हणून मोकळे होतो, पण ‘युअर रूम विल बी रेडी बाय टू’ म्हणजे दोन वाजायच्या आत कधीतरी तयार होईल आणि ‘ब्रेकफास्ट इज अव्हेलेबल अंटिल टेन’ म्हणजे दहापर्यंत चालूच राहील. वहीत दोन्हींपुढे ‘पर्यंत’ एवढंच लिहिलं असेल तर गेस्टला नेमकं उलट सांगितलं जाणार. तसंच शब्द एकटा लिहू नका, त्याच्यासोबत येणारा शब्दही घ्या. पाऊस जोराचा असला तरी तो ‘हेवी रेन’, ‘स्ट्राँग रेन’ नाही. कंप्लेंट ‘मेक’ करतात, ‘डिस्कस’च्या पुढे ‘अबाउट’ लागत नाही (हे आपल्याकडे भलेभले चुकवतात).

आणि कुठले शब्द आधी? ‘हजार अवघड शब्द’ छाप याद्या सरळ बाजूला ठेवा. इंग्रजीचे शिक्षक मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये रोजच्या वापरातल्या साधारण २००० शब्दांची यादी केली होती, साध्या मजकुरातले ८० टक्क्यांच्या आसपास शब्द तेवढ्यातच येतात. ते पक्के झाले की मग हॉटेलातले : लीक, क्लॉग्ड, रिफंडेबल, कॉम्प्लिमेंटरी.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. शब्दापुढे अर्थ मराठीत लिहावा की इंग्रजीतच? शाळेत सांगतात मराठी नको. – एक पालक, फोंडा

उत्तर : मॅकरेलपुढे बांगडा लिहिलं की विषय संपला, तिथे इंग्रजी व्याख्या वाचून मुलगा माशाऐवजी डिक्शनरीच शोधत बसेल. पण रिलक्टंट, ॲप्रोप्रिएट असल्या शब्दांना मराठीत एकच अर्थ चिकटवला की तो दुसऱ्या वाक्यात बसत नाही, तिथे मराठीसोबत दोन वेगळी वाक्यं हवीत. डिक्शनरी घेताना लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेली, घ्या. लाँगमनच्या १९७८ च्या डिक्शनरीत सगळे अर्थ सुमारे २००० सोप्या शब्दांतच दिले होते, पुढे अशा बऱ्याच निघाल्या. पणजीला गेलात तर पाट्टोवरच्या सेंट्रल लायब्ररीत दोन-तीन चाळून बघा आणि मुलाला जिच्यातली वाक्यं कळतील तीच विकत घ्या, जाडी बघून नको.