डॉलर उतरेल म्हणून थांबायचं का?

प्रश्न: मुलीला परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे. फी २४,००० डॉलर, ८,०००चे तीन हप्ते: एक, पाच आणि नऊ महिन्यांनी. त्यासाठी आमच्या चलनात १३ लाख बाजूला काढून ७ टक्के व्याजाच्या ठेवींत ठेवले आहेत. दोन महिन्यांपूर्वी डॉलर ५०ला होता, आता ५२ झाला. थोडं थांबलं तर उतरेल असं वाटतं. बँक ५३.३० दर सांगते, पण शुल्क शून्य. पैसे पाठवणारी एक सेवा ५२.२६ दर देते, पण दर वेळी ५०० घेते. व्हिसा अजून यायचा आहे. काय करावं? (ओळख कळू नये म्हणून चलनाचं नाव गाळलं आहे.)

उत्तर: डॉलर पुन्हा ५०वर येईल का, हे मला सांगता येणार नाही. जो छातीठोकपणे सांगेल, त्याच्यापासून जरा जपूनच राहा. रिचर्ड मीझ आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी १९८३ मध्ये त्या काळची विनिमय दराची मॉडेलं तपासली होती. वर्षभरापर्यंतच्या अंदाजात ‘पुढचा दर आजच्याइतकाच राहील’ या साध्या गृहीतकापेक्षा ती सरस ठरली नाहीत. दोन महिन्यांपूर्वीचा ५०चा भाव तुमच्या मनात घर करून बसलाय, इतकंच.

त्यापेक्षा वेगळा भागाकार करू. १३ लाख भागिले २४,००० म्हणजे ५४.१७. सगळा खर्च धरून डॉलर सरासरी यापेक्षा महाग पडला, तर मुद्दल कमी पडणार आणि वरचे पैसे कुठून तरी उभे करावे लागणार. दर ५०वर आला तर ४८,००० वाचतील, तो आनंदच आहे. पण ५६वर गेला तर शेवटचा हप्ता अडेल. ही दोन टोकं तुमच्यासाठी सारख्या वजनाची नाहीत, आणि फीची तारीख दर उतरायची वाट बघत नाही.

चलनं हळूहळूच सरकतात, असंही धरून चालू नका. स्विस मध्यवर्ती बँकेने सप्टेंबर २०११ पासून युरो १.२० फ्रँकच्या खाली जाऊ न देण्याचं धोरण ठेवलं होतं. १५ जानेवारी २०१५ रोजी ते अचानक सोडलं आणि काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली गेला, म्हणजे फ्रँक एकदम महागला. पोलंडमध्ये फ्रँकमध्ये गृहकर्ज घेतलेल्यांची कर्जं एका दिवसात फुगली. असं वारंवार घडत नाही. पण ५२ आणि ५४.१७ यांच्यामधली तुमची उशीच पातळ आहे.

ती उशी बँक आणखी पातळ करते आहे. तुम्ही पाहिलेला ५२ हा मधला दर, म्हणजे खरेदी आणि विक्री दरांच्या मधोमधचा. बँक ५३.३०ला विकते, म्हणजे तिचे अडीच टक्के दरातच मुरलेले आहेत. ‘शुल्क शून्य’ म्हणायला तिचं काय जातं? पूर्ण फीसाठी बँकेत १२,७९,२०० लागतील. सेवेकडून तीन वेळा पाठवले तर शुल्कासकट १२,५५,७४०. फरक २३,४६०. डॉलर उद्या कुठे जाईल ते कुणाच्या हातात नाही, हे २३,४६० मात्र तुमच्या हातात आहेत. सेवा परवानाधारक आहे ना आणि विद्यापीठाच्या खात्यावर नेमके किती डॉलर जमा होतील, एवढं आधी लेखी घ्या. कधी कधी मधली बँकही आपला वाटा कापते.

आता वेळापत्रक. पहिल्या हप्त्याचे डॉलर आत्ताच घ्या, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. दुसऱ्याचे व्हिसा हातात पडला की त्याच आठवड्यात घ्या आणि नियम परवानगी देत असतील तर परकी चलनाच्या खात्यात ठेवा. व्हिसाआधी घेऊ नका. प्रवास रद्द झाला तर डॉलर परत विकताना मार्जिन, म्हणजे दरात मुरलेला बँकेचा वाटा, दुसऱ्यांदा जातं: बँकेने ५३.३०ला विकून ५०.७०ला परत घेतले, तर ८,००० डॉलरमागे २०,८०० गेले. पहिल्या हप्त्याचा परतावा मिळतो का, हेही विद्यापीठाला आजच विचारा.

तिसऱ्यासाठी मात्र थांबायला हरकत नाही. पहिले दोन हप्ते सेवेच्या आजच्या दराने, शुल्कासकट झाले, तर १३ लाखांतून ४,६२,८४० उरतात आणि शेवटच्या हप्त्याला ५७.७९पर्यंतचा दर पेलतो. एकदम ५४.१७वर अडणारे तुम्ही आता जवळपास साडेदहा टक्के चढ सोसू शकता. शिवाय हे पैसे सात महिने ठेवीत राहिले तर ढोबळमानाने १९,००० व्याज येईल. कर आणि मुदतीआधी मोडल्यास लागणारा दंड त्यातून वजा करा. डॉलर ५०ला आला तर लगेच घ्या, ४८ची वाट बघू नका. ५५ला पोहोचला तरीही घ्या. यातलं काहीच झालं नाही, तर आठव्या महिन्याच्या सुरुवातीला जो दर असेल त्या दराने.

मुलगी तिथे कार्ड वापरेल तेव्हा यंत्र विचारेल, बिल तुमच्या चलनात करू की इथल्या? इथल्याच, म्हणायचं. घरच्या चलनातला आकडा ओळखीचा वाटतो, पण तो दर दुकानदाराच्या बाजूने ठरवलेला असतो आणि बहुतेक वेळा महागच पडतो.