खरारा एकाचा, खाज सगळ्यांची

मे महिन्यापर्यंत माझ्याकडे घोडेवाल्यांची येणारी पत्रं नालांची, खुरांची, पोटदुखीची असतात. मिरग लागला की विषय एकच, खाज. या वेळची पत्रं नागावपासून मालवणपर्यंतची आहेत. पत्रलेखकांची नावं छापत नाही. घोड्याला खाज आहे हे कळलं की किनाऱ्यावर गिऱ्हाईक फिरकत नाही, हे मी जाणतो.

नागावहून एक घोडागाडीवाले: माझी घोडी सहा वर्षांची. गेली तीन वर्षं पाऊस लागला की मान आणि शेपटीचं बूड माडाला घासते, रक्त येईपर्यंत. निम्मी आयाळ गेली. दिवाळीनंतर आपोआप थांबते. शेजारी बांधलेला घोडा ठणठणीत आहे. सगळे खरूज म्हणतात. एकाने जळकं इंजिन ऑइल लावायला सांगितलंय. लावू का?

लावू नका. त्याने कातडी भाजते, घोडी ते चाटते आणि तो गाळ पोटात जातो. कोकणात हा उपाय इतका रुजलाय की मला दर वर्षी दोन-चार भाजलेल्या पाठी बघाव्या लागतात.

आणि ही खरूज नाही. ते तुमच्याच पत्रात लिहिलंय. खरूज दिवाळी बघून थांबत नाही आणि शेजाऱ्याला सोडत नाही. ही चिलटांची ॲलर्जी आहे. क्युलिकॉइडिस जातीची ही चिलटं १ ते ३ मिलिमीटरची, नीट बघितल्याशिवाय दिसतही नाहीत. ती सगळ्याच घोड्यांना चावतात, पण एखाद्याच घोड्याच्या अंगाला त्यांची लाळ सोसत नाही. आयाळ, शेपटीचं बूड, कधी पोटाची मधली रेघ, ही त्यांची ठरलेली ठिकाणं. ओला चिखल आणि शेणाची दलदल हे त्यांचं माहेर, आणि अष्टागरातल्या, म्हणजे अलिबागच्या किनाऱ्यावरच्या वाड्यांत पावसाळाभर दुसरं असतं काय?

औषधापेक्षा इथे घड्याळ जास्त कामाचं. चिलटं चावतात ती मुख्यतः तिन्हीसांजेला आणि पहाटे. ऊन कलायच्या आधी घोडी आत घ्या, चांगलं उजाडेपर्यंत बाहेर काढू नका. आत एक साधा उभा पंखा तिच्या अंगावर सोडा. ही चिलटं उडण्यात फार दुबळी, एवढ्या वाऱ्यातही त्यांना अंगावर टिकता येत नाही. पंख्याची वायर मात्र घोडीच्या तोंडाला लागणार नाही अशी वर बांधा. दाराला जाळी लावणार असाल तर डासांची नेहमीची चालत नाही, तिच्या भोकांतून चिलटं आत येतात. त्याहून बारीक घ्या. शेण रोज लांब टाका. पाटाचं पाणी तबेल्याच्या मागे मुरत असेल तर चर काढून ते वळवा.

खाजेवर गार पाण्याने धुणं हा सगळ्यात स्वस्त उतारा. धुऊन टिपून कोरडं करा. २५ टक्क्यांचं बेंझिल बेंझोएट लोशन आयाळीच्या मुळाशी लावता येतं, पण फाटलेल्या, रक्ताळलेल्या जागी नाही, फार झोंबतं. करंजाचं तेल लावत असाल तर माझी हरकत नाही. तेलकट अंगावर चिलटं कमी बसतात, एवढंच त्याचं काम. स्टिरॉइडची सुई डॉक्टरांनी बघूनच. तिने खाज थांबते, पण घोड्याच्या खुरांना सूज येऊन तो कायमचा लंगडा होऊ शकतो.

शेजारच्या घोड्याला हे लागणार नाही. पण प्रवृत्ती रक्तातून येते, म्हणून या घोडीचं शिंगरू घ्यायचा विचार असेल तर तो पुन्हा करा.

मुरुडहून: तीन घोडे आहेत, पर्यटकांना फेरी मारतो. एकाला तंगाखाली (खोगिराच्या पोटपट्ट्याखाली) रुपयाएवढे गोल टक्कल पडले. पंधरा दिवसांत बाकी दोघांनाही. आता माझ्या मुलाच्या मनगटावर तसाच गोल चट्टा आहे. खाज फारशी नाही.

हे गजकर्ण, म्हणजे बुरशी. घोड्यात खाज थोडी किंवा नसतेच, म्हणून मालक ‘जाईल आपोआप’ म्हणतो. खरं सांगायचं तर जातेही, साधारण दीड ते तीन महिन्यांत. तोवर अख्खा किनारा बाधित झालेला असतो.

तुम्ही लिहिलं नाही, पण मी पैजेवर सांगतो: तिघांना खरारा (अंग घासायचा ब्रश) एकच, तंग एकच, आणि गर्दीच्या दिवशी खोगीर या पाठीवरून त्या पाठीवर. बुरशीचे बीजाणू तुटलेल्या केसांवर असतात आणि जिनात, झुलीत, तबेल्याच्या लाकडात वर्षभरसुद्धा टिकतात. कागदावर माणसं वाढवायला आपण ‘खोगीरभरती’ म्हणतो. खऱ्या खोगिरातल्या चिंध्या आणि लोकर कधी उसवून बघा, त्या शब्दाबद्दलचा आदर आणखी कमी होईल. जुनी भरती जाळा, नवी भरा.

चट्टे बरे होईपर्यंत त्या घोड्यांवर खोगीर नको आणि खरारा तर अजिबात नको, घासण्याने बीजाणू अंगभर पसरतात. डॉक्टर एनिलकोनॅझोलचं द्रावण किंवा मायकोनॅझोल आणि क्लोरहेक्सिडीनचा शांपू देतील. तो नुसत्या चट्ट्यांवर नाही, सगळ्या अंगाला, दर तीन-चार दिवसांनी. चट्ट्यावर लावताना बाहेरून आत या. घोडी गाभण असेल तर ग्रिसिओफल्विन देऊ नका, गर्भाला धोका असतो. बादल्या, दांड्या, पत्रे आधी शेण-माती काढून साबणाने धुवा आणि मग एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी. घाणीवर ओतलेलं ब्लीच वाया जातं. चामड्याला ब्लीच लावू नका, चिरेल. त्याला साबण आणि तेच बुरशीनाशक द्रावण.

मुलाला त्वचेच्या डॉक्टरांकडे न्या. औषधाच्या दुकानातून स्टिरॉइड मिसळलेलं मलम आणू नका. लाली जाते, गजकर्ण आतून पसरतं आणि मग महिनोन्महिने हटत नाही. बरं होईपर्यंत घोडे आणि गिऱ्हाईक एकमेकांपासून लांब ठेवा. हंगाम बुडतो हे कळतं मला. पण पुण्याहून आलेलं पोर चट्टा घेऊन घरी गेलं तर पुढचाही हंगाम बुडेल.

दापोलीहून, वरातीला घोडे देणारे: दत्तजयंतीच्या यात्रेत सारंगखेड्याहून घोडा आणला. पुढे डोकं, मान, खांदे खाजवायला लागला, रात्रंदिवस, चारा सोडून. कडुनिंबाच्या पाल्याने धुतलं, कमी-जास्त होत राहिलं. आता कातडी जाड, सुरकुतलेली झालीय आणि जुन्या घोडीलाही लागलंय. गुरांच्या गोचिडांचं औषध घरात आहे, त्याने धुऊ का?

आधी बाटलीवरचं नाव वाचा. ‘अमिट्राझ’ असेल तर बाटली ठेवून द्या. गाई-कुत्र्यांना चालणारं हे औषध घोड्याचं आतडं थांबवतं, लीद अडकते आणि पोटशुळाने घोडा मरू शकतो. या पत्रातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही.

तुमच्याकडे खरी खरूज दिसते, कातडीत बोगदे खणणाऱ्या किड्यांची. डॉक्टर चट्ट्याच्या कडेची कातडी रक्त झिरपेपर्यंत खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतील. किडा सापडला नाही म्हणजे खरूज नाही असं नव्हे, तो लपण्यात पटाईत आहे. औषध बहुधा आयव्हरमेक्टिन, किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, तोंडाने. म्हणजे २५० किलोच्या तट्टाला ५० मिलिग्रॅम. चौदा दिवसांनी पुन्हा, कारण अंडी पहिल्या वेळी मरत नाहीत. गुरांसाठीची सुई घोड्याच्या मांसात टोचू नका, जागा सडलेली मी पाहिली आहे. आणि औषध एका घोड्याला नाही, एकत्र बांधलेल्या सगळ्यांना, एकाच दिवशी.

गवताचा बिछाना जाळा. कोरड्या उन्हात हे किडे लवकर मरतात, दमट गारव्यात दोन-तीन आठवडे तग धरू शकतात, आणि दापोलीत सध्या गारवाच आहे. वरातीच्या जरीच्या झुली कुणाला उसन्या देऊ नका. यात्रेतून आणलेला घोडा पुढच्या वेळी तीन आठवडे वेगळा बांधा, खरारा आणि तोबराही (दाण्याची पिशवी) वेगळा, आणि त्याचं काम सगळ्यात शेवटी करा.

गुहागरहून: फक्त शेपटी घासतो. बाकी अंग साफ.

शेपूट उचलून बघा. गुदद्वाराभोवती पिवळट-राखाडी चिकट थर दिसला तर ते जंत. मादी तिथे येऊन अंडी घालते. डॉक्टरांकडून जंताचं औषध घ्या आणि ती जागा रोज ओल्या कापडाने पुसा. कापड जाळून टाका, खिशात ठेवू नका. (हसू नका, ठेवतात.)

मालवणहून: पाठीवर खपल्या. ओढल्या की केसांचा पुंजका ब्रशसारखा हातात येतो, खाली ओलं. घोडा खाजवत नाही, हात लावू देत नाही.

पावसात सतत भिजलेल्या कातडीत डर्माटोफिलस नावाचा जीवाणू शिरतो, हे ते. वरून प्लॅस्टिकची ताडपत्री टाकली असेल तर आधी काढा, आत वाफ धरते. कोमट साबणपाण्याने खपल्या भिजवून अलगद काढा, गोळा करून जाळा, त्यात जंतू जिवंत असतो. क्लोरहेक्सिडीन किंवा पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन लावून दहा मिनिटं ठेवा, धुवा, पूर्ण कोरडं करा. कोरडं छप्पर हेच अर्धं औषध.

खपल्यांऐवजी पायाच्या आतल्या बाजूने माळेसारख्या गाठी येऊन फुटत असतील, नाकातून शेंबूड-पू येत असेल, तर हात लावू नका, जनावरांच्या डॉक्टरांसाठीच्या १९६२ या नंबरला फोन करा. तो ग्लँडर्स असू शकतो. माणसालाही होतो आणि जीव घेतो. रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे तपासणीला जातो. निकाल येईपर्यंत घोडा जागचा हलवायचा नाही.

अलिबागहून: ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत गाडी नेतो, येताना घोड्याला समुद्रात अंघोळ घालतो. खाऱ्या पाण्याने खाज जाते ना?

जात नाही. मीठ अंगावर वाळलं की उलट चुरचुरतं. घोड्याला पाणी आवडतं म्हणून घालत असाल तर घाला, पण घरी आल्यावर गोड्या पाण्याच्या दोन बादल्या अंगावर ओता आणि दुसऱ्या दिवशी तंग आवळायच्या आधी त्याखाली हात फिरवून वाळू राहिली नाही ना, ते बघा.